छपरं काढता काढता

नकाशावर मी काढलेलं पहिलं घर वाकडं होतं. उपग्रहाच्या प्रतिमेवर चार कोपऱ्यांना चार टिचक्या मारायच्या, चौकट बंद करायची, ‘इमारत’ अशी नोंद लावायची आणि क्यूचं बटण दाबायचं. वाकडी चौकट आपोआप काटकोनात बसते. टांझानियातल्या दार-ए-सलाम शहराच्या कडेचं घर होतं ते. तपकिरी पत्रा, शेजारी एक झाड, झाडाची सावली निम्म्या छपरावर. त्या संध्याकाळी मी बावीस घरं काढली आणि डोळे चुरचुरायला लागले तेव्हा थांबले.

ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ साली सुरू झालेला खुला नकाशा आहे. त्यात कुणीही भर घालू शकतं. २०१० मध्ये हैतीला भूकंपाने हादरवलं तेव्हा मदतपथकांना राजधानीचा धड नकाशा मिळेना, म्हणून जगभरच्या लोकांनी घरी बसून, प्रतिमा बघून तो काढला. पुढे २०१४ मध्ये रेड क्रॉस, ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ अशा संस्थांनी ‘मिसिंग मॅप्स’ हा उपक्रम सुरू केला. संकट येण्याची वाट न बघता आधीच नकाशे तयार ठेवायचे, एवढीच त्यामागची कल्पना. एखाद्या भागाचे चौकोन पाडलेले असतात. त्यातला एक उचलायचा, दिसेल ते घर, रस्ता, ओढा काढायचा आणि ‘झालं’ अशी खूण करायची. मग कुणी जाणकार तो चौकोन तपासतं. मी दोन वर्षं, आठवड्यातल्या तीन-चार संध्याकाळी हे केलं. सुरुवात केली तेव्हा मदत करतेय एवढंच डोक्यात होतं. शहर कसं वाढतं हे मला या कामातून कळणार आहे, याची कल्पना नव्हती.

तेव्हा माझ्या डोक्यात एक शब्द घट्ट बसलेला होता: लोंढा. शहराकडे येणाऱ्या माणसांसाठी आपण मराठीत सर्रास वापरतो तो. लोंढा खरं तर पुराच्या पाण्याचा. अचानक येतो, मागे-पुढे बघत नाही, त्यात एकेक थेंब वेगळा दिसत नाही आणि तो आला की जीव वाचवण्यापलीकडे कुणाला काही करता येत नाही. आकडेही त्याच शब्दाला दुजोरा देतात असं मला वाटायचं. दार-ए-सलामची लोकसंख्या २००२ च्या जनगणनेत साधारण २४ लाख ८७ हजार होती, २०१२ मध्ये ४३ लाख ६५ हजार. दहा वर्षांत जवळपास १९ लाखांची भर. मी भागाकार करून पाहिला, दिवसाला पाचशेहून जास्त माणसं. रोज पाचशे माणसं गाठोडी घेऊन शहराच्या वेशीवर उतरतायत, असं चित्र माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं आणि कितीतरी दिवस तेच चित्र मनात धरून मी घरं काढत होते.

पहिला धक्का बसला तो तपासणीतून परत आलेल्या एका चौकोनामुळे. सोबत निरोप होता: बरीच घरं राहिली आहेत. मी पुन्हा उघडून पाहिलं, तर एकही छप्पर सुटलं नव्हतं. तसं उत्तर लिहिलं. तपासणारी मुलगी तिथल्याच विद्यापीठात शिकणारी होती. तिने लिहिलं, “छपरं नका शोधू. भिंती शोधा.”

मग दिसायला लागलं. झुडपांच्या मधे बारीक करड्या रेषा, एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या, जणू कुणी जमिनीवर पाटी आखून ठेवलीय. त्या बिनछपराच्या खोल्या होत्या. जोतं झालेलं, भिंती छातीएवढ्या किंवा पुऱ्या उंचीच्या, आणि वर काही नाही. काही खोल्यांत तर आत हिरवं दिसत होतं. गवत, एकीत चक्क झाड. इतकी वर्षं ती भिंत तशीच उभी होती की आत झाड वाढलं. माझ्या त्या एका चौकोनात अशी एकतीस घरं निघाली.

त्या मुलीने मला समजावलं ते असं. माणूस आधी जागा घेतो. मग पैसे साठतील तसतसे सिमेंटचे ठोकळे आणून एका कडेला रचतो. ते ढीगही वरून दिसतात, ओळखायला शिकलं पाहिजे. मग जोतं घालतो. मग भिंती. पत्रा सगळ्यात शेवटी. कारण पत्र्याला रोख एकदम लागतो, आणि घराचं कर्ज या लोकांना कुठली बँक सहसा देत नाही. जागा घेण्यापासून पत्रा चढेपर्यंत पाच वर्षं जातात, कधी दहासुद्धा. तोवर कुटुंब शहरातच, भाड्याच्या एका खोलीत.

ती मला ‘दादा’ म्हणायची. पहिल्यांदा मी चमकले. स्वाहिलीत दादा म्हणजे ताई.

त्यानंतर मी जुन्या प्रतिमा काढून बघायला लागले. लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह जुलै १९७२ मध्ये सुटला आणि २००८ पासून त्या मालिकेचा सगळा साठा जगाला फुकट खुला झाला. ऐंशीच्या दशकापासूनच्या तिच्या प्रतिमांत एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे तीस मीटर बाय तीस मीटर. त्यात घर दिसत नाही. दिसतो तो हिरव्याचा करडा होत जाणारा रंग. दार-ए-सलामचा हा करडा रंग शहरातून बाहेर पडणाऱ्या चार मोठ्या रस्त्यांना धरून बोटांसारखा पसरत गेला आणि बोटांच्या बेचक्या नंतर भरल्या. या उंचीवरून बघणाऱ्याला लोंढाच दिसणार. अलीकडच्या बारीक प्रतिमांत मात्र घर दिसतं, आणि त्याचं वयही दिसतं. नवा पत्रा प्रतिमेत पांढरा चकाकतो. काही वर्षांत तो मातकट होतो, मग गंजून तपकिरी. कडेची वस्ती बघताना मी रंगांवरून घरांचा क्रम लावायला शिकले. आधी कोण आलं, मग कोण. एका ओळीत तपकिरी, मातकट, पांढरा आणि शेवटी बिनछपराची भिंत, असं अगदी हारीने दिसायचं. पूर असा हारीने येत नाही.

मग मी आकड्यांकडे पुन्हा वळले, आणि माझा भागाकारच चुकीचा होता हे लक्षात आलं. शहराची वाढ तीन वाटांनी होते. गावाकडून माणसं येतात ही एक वाट. शहरात आधीपासून असलेल्यांना मुलं होतात ही दुसरी. आणि तिसरी वाट अशी, की माणसं जागची हलत नाहीत, शहरच त्यांच्यापर्यंत येतं. काल गाव असलेली जागा आज शहरात मोजली जाते. विकसनशील देशांचा एकत्र हिशोब करणाऱ्या अभ्यासांत साधारण ६० टक्के वाढ दुसऱ्या वाटेची निघाली आहे, म्हणजे जन्मांची. चीनचं गणित वेगळं, तिथे स्थलांतर आणि गावांचं शहरात रूपांतर यांचं पारडं जड आहे. पण एकूण विकसनशील देशांच्या शहरांत वाढलेली निम्म्याहून जास्त माणसं कुठून आलेलीच नाहीत. ती तिथे जन्मली. माझ्या कल्पनेतल्या त्या रोजच्या पाचशेंमध्ये किती तान्ही बाळं होती, हे मी कधी मनातही आणलं नव्हतं.

तिसऱ्या वाटेबद्दल जरा थांबून सांगते, कारण ती फार कमी लोकांना ठाऊक असते. ‘शहर’ म्हणजे काय हे प्रत्येक देश आपापलं ठरवतो. भारताच्या जनगणनेत किमान ५,००० वस्ती, चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर, अशा तिन्ही अटी पुऱ्या करणाऱ्या गावाला ‘जनगणना शहर’ म्हणतात. २००१ मध्ये अशी १,३६२ होती. २०११ मध्ये ती जवळपास ३,९०० झाली. तिथली माणसं त्याच घरात झोपली आणि त्याच घरात उठली, पण हिशोबात शहरी झाली. कारभार मात्र बहुतेक ठिकाणी ग्रामपंचायतीचाच राहिला. उलट इजिप्तमध्ये शहर ठरतं ते प्रशासकीय दर्जावर, त्यामुळे तिथे काही हजारांची नव्हे, काही दहा हजारांची वस्तीसुद्धा कागदावर गाव असू शकते. या गोंधळावर उपाय म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने मार्च २०२० मध्ये एक समान रीत मान्य केली. जमिनीचे एक-एक किलोमीटरचे चौकोन पाडायचे. दर चौकोनात किमान १,५०० माणसं असलेले लगतचे चौकोन मिळून ५०,००० वस्ती भरली की ते शहर. आमच्या चौकोनांसारखेच चौकोन. ते वाचलं त्या दिवशी आपण काढलेल्या चौकटींना काही किंमत आहे असं मला पहिल्यांदा मनापासून वाटलं, कारण त्या चौकोनांत माणसं किती हे घरांच्या नकाशाशिवाय नीट सांगता येत नाही.

आणि नीट सांगता आलं नाही तर काय होतं त्याचं उदाहरण नैरोबीतली किबेरा ही झोपडवस्ती. वर्षानुवर्षं तिथे दहा लाख माणसं राहतात असं लिहिलं जायचं, बोललं जायचं. २००९ च्या केनियाच्या जनगणनेत आकडा आला १,७०,०७०. त्यावर वाद झाले, अजून होतात. त्याच वर्षी तिथल्या तरुण मुलांनी जीपीएसची यंत्रं हातात घेऊन आपल्या वस्तीच्या गल्ल्या पायी फिरून नकाशावर घातल्या. तोवर खुल्या नकाशावर किबेराच्या जागी मोकळी जागा होती. एवढी मोठी वस्ती एकीकडे जवळपास सहापट फुगवून सांगितली जात होती आणि दुसरीकडे नकाशावर नव्हतीच. दोन्हींचा परिणाम एकच. दहा लाखांचा आकडा ऐकून वाटतं की हे काही आपल्याच्याने निभणार नाही. आणि रिकामा नकाशा बघून वाटतं की इथे करण्यासारखं काही नाही. नळ कुठेच येत नाही.

माझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक मात्र आकड्यांतली नव्हती. ‘रामानी हुरिया’, म्हणजे खुला नकाशा, या नावाने २०१५ पासून दार-ए-सलाममध्ये पूरभागांचं काम चालू होतं. विद्यापीठातले विद्यार्थी आणि वस्तीतली माणसं मिळून ते करत. त्यांनी ड्रोनने टिपलेल्या प्रतिमा इतक्या बारीक होत्या की दारातल्या बादल्या मोजता याव्यात. त्यातल्या एका वस्तीत घरांच्या मधून एक फिकट, वळणावळणाची पट्टी जात होती. त्यावर माणसं चालताना दिसत होती. मी ती ‘पाऊलवाट’ म्हणून काढली.

दुसऱ्या दिवशी मुलीचा निरोप आला, या वेळी लांबलचक. ती पाण्याची वाट होती. पावसात तिथून कमरेएवढं पाणी जातं, एरवी कोरडी असते म्हणून लोक शाळेला, बाजाराला त्यातूनच जातात. डिसेंबर २०११ च्या मोठ्या पुरात म्सिंबाझी नदीच्या काठची माणसं गेली होती, कुटुंबंच्या कुटुंबं उठवून दूर न्यावी लागली होती. आम्ही काढत होतो तो नकाशा कुठली घरं पाण्यात जातील हे आधी कळावं यासाठी होता, आणि त्याच नकाशावर मी पाण्याला पाऊलवाट म्हटलं होतं. मी माफी मागितली. तिने लिहिलं, “दादा, तुम्ही जे पाहिलं ते खरंच आहे. लोक चालतात तिथून. दोन्ही लिहा.” ती रेघ मी नाल्याची केली आणि बाजूने वाटेची वेगळी रेघ काढली. त्यानंतर वरून दिसणाऱ्या कुठल्याही पट्टीला नाव देण्याआधी मी तिथल्या माणसाला विचारत आले आहे.

वरून काय दिसत नाही याची यादी खरं तर मोठी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या व्याख्येत झोपडवस्ती ठरते ती पाच उणिवांपैकी एखादीवरून: टिकाऊ घर नाही, एका खोलीत तिघांपेक्षा जास्त माणसं, पिण्याचं सुरक्षित पाणी नाही, शौचालय नाही, आणि उद्या कुणी उठवणार नाही याची हमी नाही. यातली पहिली सोडली तर एकही छपरावरून कळत नाही. म्हणून विद्यार्थी पायी फिरत होते. शहराच्या प्रभागाखाली ‘म्ता’ असतो आणि त्याहीखाली ‘शिना’. शिना म्हणजे झाडाचा बुंधा. मुळात दहा घरांचा गट, त्याचा एक प्रमुख. आता एकेका शिनात दहा काय, कितीतरी जास्त घरं आहेत, आणि त्यांच्या हद्दी कुठल्याच कागदावर नव्हत्या. त्या होत्या प्रमुखांच्या डोक्यात. मुलं त्यांच्याबरोबर चालत जायची आणि ते हाताने दाखवायचे: या आंब्यापासून त्या गिरणीपर्यंत माझं. कुणाकडे किती माणसं, भाडेकरू कोण, गावी कोण गेलंय आणि कापणी झाली की परत येणार, हे सगळं त्यांना तोंडपाठ असायचं.

गावी गेलेल्यांचं ऐकून मला भूगोलतज्ज्ञ रेवेनस्टाईन आठवला. १८८५ मध्ये त्याने ब्रिटनच्या जनगणनेवरून स्थलांतराचे नियम मांडले, त्यातला एक असा की प्रत्येक प्रवाहाला एक उलटा प्रवाह असतो. लोंढ्याला उलटा प्रवाह नसतो.

या माणसांना अडवायचे प्रयत्न खूप झाले. चीनने १९५८ मध्ये ‘हुकोऊ’ ही कुटुंबांची नोंदणी लादून गावचा माणूस गावाशी बांधला. दक्षिण आफ्रिकेत काळ्या माणसांना शहरात वावरण्यासाठी पास खिशात ठेवावा लागे. ते कायदे १९८६ पर्यंत चालले. खुद्द टांझानियात १९८३ मध्ये ‘न्गुवू काझी’ नावाची मोहीम निघाली. दार-ए-सलामच्या रस्त्यांवरून ‘बेकार’ ठरवलेली माणसं धरून गावी, शेतांवर पाठवली गेली. त्यातली पुष्कळ परत आली. ज्या शहराने त्यांना हाकललं त्याच शहराचे तपकिरी पत्रे मी चाळीस वर्षांनी काढत होते. माणसं अडवण्यात घालवलेली प्रत्येक वर्षं ही त्यांच्यासाठी जागा आखण्यातून वजा झालेली वर्षं आहेत. हे मला आता रागाने म्हणावंसं वाटतं, कारण आखलं असतं तर काय झालं असतं तेही त्याच नकाशावर आहे.

सिंझा नावाचा भाग माझ्या वाट्याला आला तेव्हा मला वाटलं मी दुसऱ्याच शहरात आले. सरळ रस्ते. प्रत्येक घरापर्यंत पोचणारी गल्ली. घरं लहान-मोठी, कुठे मजले चढलेले, पण रांग मोडलेली नाही. शोधलं तेव्हा कळलं, सत्तरच्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने इथे फक्त भूखंड पाडले, रस्ते आखले, पाण्याच्या वाहिन्या टाकल्या आणि जमीन लोकांच्या हवाली केली. घरं सरकारने बांधलीच नाहीत. लोकांनी बांधली, पैसे साठतील तशी. टांझानियाच्या सात शहरांतल्या अशा भागांचा अर्थशास्त्रज्ञांनी काही दशकांनंतर अभ्यास केला, तेव्हा तिथली घरं जास्त चांगली, पाण्या-विजेने जास्त जोडलेली आणि वस्ती जास्त शिस्तीची निघाली. माझ्या चौकोनांतल्या इतर वस्त्यांत नंतर रस्ता काढायचा तर कुणाचं तरी घर पाडावं लागतं. इथे तो आधीच होता.

खरोखर अचानक वाढलेली शहरंही आहेत, हे सांगायला हवं. मॉरितानियाची राजधानी न्वाकशोत १९५८ मध्ये जेमतेम १५ हजार वस्तीच्या बेताने आखायला घेतली. मग साहेलमध्ये, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेच्या पट्ट्यात, दुष्काळ पडला, गुरं मेली आणि भटके पशुपालक तंबूंसकट तिच्या कडेला येऊन बसले. आज तिथे दहा लाखांच्या वर माणसं आहेत. अशा वेळी कुणाला तयारीला वेळ मिळत नाही. पण दार-ए-सलामच्या कडेला मी दोन वर्षं पाहिलं ते असं नव्हतं. तिथे वेळच वेळ होता. ठोकळ्यांचा ढीग, जोतं, भिंत, भिंतीत उगवलेलं झाड. माणसाने पाच-पाच वर्षं आधी जमिनीवर लिहून ठेवलं होतं की मी इथे राहायला येणार आहे. ते वाचायला महानगराकडून कुणी आलं नाही, आणि वस्ती भरल्यावर मात्र ती एका रात्रीत उगवल्यासारखी दिसली. २०२२ च्या जनगणनेत शहर ५३ लाख ८४ हजारांवर गेलं. वाढीचा वेग आधीच्या दशकापेक्षा कमी, तरी दहा लाखांची भर.

गेल्या महिन्यात माझ्या पहिल्या भागाची नवी प्रतिमा आली. त्या एकतीसपैकी अठरा घरांवर आता पत्रा आहे. झाड वाढलेली खोलीही त्यात आहे. झाड गेलं, अंगणात दुसरं लावलंय की काय, बारीक सावली दिसते. एकेका घरावर जाऊन मी ‘बांधकाम चालू’ ही नोंद पुसली आणि ‘घर’ अशी केली. त्यांच्या पलीकडे, परवापर्यंत नुसतं झुडूप होतं तिथे, नऊ नवी जोती आली आहेत, दोन ओळींत. मधली जागा मी मोजून पाहिली. सात मीटर. दोन्ही बाजूंची घरं उभी राहिली तरी तिथून पाण्याचा टँकर जाईल, वाहिनी टाकता येईल, एवढी ती अजून मोकळी आहे. मी मुलीला त्या जागेचा दुवा पाठवला आहे. ती म्हणाली, शनिवारी शिनाच्या प्रमुखाला भेटायला जाते.